दोघींची खोली

कोपरगाव,
६ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालायचं तुमच्या मनात आलं असेल, तर निदान पहिलं पान वाचून मग घाला. माझा फोन तुम्ही तीन वर्षं उचललेला नाही आणि आता उचलाल ही आशा मी सोडली आहे. मोनिकाकडे निरोप ठेवावा तर ती तुमची सून, आपल्या दोघींच्या मधे बिचारीचं भरीत होतं. म्हणून टपाल. तुम्ही सातवी शिकलेल्या आहात आणि माझं अक्षर मास्तरणीचं आहे, त्यामुळे वाचायला अडचण येऊ नये.

तुम्ही इटलीत, बोलोन्याला जायला तयार झालात असं आदिनाथनं सांगितलं. कितीतरी दिवसांनी माझ्या लेकाच्या आवाजात जीव होता. व्हिसा तुमच्या रुपालीच्या डोहाळजेवणासाठी म्हणून काढला होता, तो आता या कामाला येतो आहे. पाचव्या महिन्यात पोटचं गेलं, दुसरी वेळ होती, त्यावर जास्त लिहीत नाही. तिच्या पायात रक्ताची गाठ झाल्यामुळे डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली आहे. ती आदिनाथशी बोलत नाही, माझ्याशी नाही, ताट जसंच्या तसं परत जातं. या सगळ्या दिवसांत तिनं एकच गोष्ट मागितली, "मला आईकडं जायचंय." तिला येता येत नाही, तेव्हा आईनं गेलं पाहिजे. मी गेले असते, पण माझा गुडघा.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी राहायचं नाही, अन्नपाणी घ्यायचं नाही, म्हणून हॉटेलात उतरणार ही तुमची अट कळली. त्यावर माझं मत तुम्ही विचारलेलं नाही आणि मी सांगत नाही. हॉटेलाबद्दल मात्र सांगू शकते. गेल्या वर्षी मी त्याच हॉटेलात राहिले. पोरांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझा गुडघा हा असा. सासू येते आणि हॉटेलात उतरते याचं आमच्या भावकीला फार नवल वाटलं होतं. सांगून सांगून मी थकले आणि शेवटी हो म्हटलं, आमचं पटत नाही.

आता नीट वाचा. हॉटेलात गेल्यावर काउंटरवर पासपोर्ट मागतात आणि आत घेऊन जातात. जीव खालीवर करून घेऊ नका, नोंद करून परत देतात. प्रत्येक माणसाची नोंद सरकारात जाते, तिथला कायदाच आहे. शहराचा म्हणून एक कर माणशी वेगळा घेतात, तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. तो मागितला तर फसवताहेत असं समजून भांडू नका. मी भांडले. मराठीत भांडले, त्यामुळे बरं झालं.

तळमजल्याला ते शून्य म्हणतात. पहिला मजला म्हणजे एक जिना वर. खोलीचं दार कार्डानं उघडतं आणि तेच कार्ड आत भिंतीवरच्या खाचेत घातलं की दिवे लागतात. मी पहिला अर्धा दिवस अंधारात बसले होते आणि परदेशातही लोडशेडिंग आहे म्हणून मनातून थोडी सुखावले होते.

न्हाणीघरात दोन भांडी असतात. एक आपल्याला माहीत असलेलं. दुसरं बुटकं, नळ असलेलं, ते मागून धुण्यासाठी. मी तीन दिवस त्यात पाय धुतले आणि बाहेरून आल्यावर पाय धुवायची सोय केली म्हणून त्या लोकांचं कौतुक केलं. आंघोळीच्या जागी वरून एक दोरी लोंबते. तिच्यावर काही वाळत घालू नका. मी परकर वाळत घातला. ती दोरी आंघोळीत पडलेल्या माणसानं मदतीला बोलवायची असते. घंटा वाजायला लागली, माणूस धावत आला, दार ठोठावलं, आणि मी अंगाला चादर गुंडाळून त्याला मराठीत "काही नाही, काही नाही" सांगत राहिले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. हे मी आदिनाथला सुद्धा सांगितलेलं नाही.

तूप नेऊ नका. तुम्ही नेणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. दूधदुभत्याचं काही आत जाऊ देत नाहीत. माझ्या घरच्या म्हशीचं तूप त्यांनी विमानतळावर माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

बाकी काही विचारायचं असेल तर मोनिकाकरवी विचारा. मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

तुमची विहीण म्हणवून घेणारी,
दमयंती

कोपरगाव,
१५ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

मोनिकाचा मेसेज आला. पत्र चुलीत गेलं नाही म्हणायचं. तुमचे प्रश्न तिनं तुमच्याच शब्दांत पाठवलेत, वाचताना तुम्ही पुढ्यात बसल्यासारखं वाटलं. तेव्हा तुमच्याच क्रमानं उत्तरं देते.

"खोलीत दिवा लावू देत्यात का?" नाही. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, ते उदबत्तीलाही सोडत नाही. सेलवर लागणारे छोटे दिवे मिळतात, ते न्या. देवाला चालतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दोरीच्या प्रकारानंतर मी तरी कुठल्याही घंटेच्या वाट्याला जाणार नाही.

"चहाचं काय?" खोलीत पाणी गरम करायची किटली बहुतेक नसते. दोन पिनांची छोटी किटली घरून न्या. पिना दोनच हव्यात, तिसरी असली की तिथल्या भोकात जात नाही. खाली न्याहारीच्या जागी चहा मागितला तर कपात गरम पाणी आणि बशीत पुडी देतात. न्याहारी सगळी गोड असते. त्यात गुलाबी कागदासारखे पातळ तुकडे दिसतील, ते डुक्कर असतं, त्या ताटाकडे जाऊच नका. उकडलेली अंडी, ब्रेड, फळं घ्या. दुपारसाठी पिशवीत भरून आणायचं नसतं. माझ्याकडे दोन केळी सापडली होती.

"पानी कसलं पित्यात?" नळाचं प्या, चांगलं असतं. बाटलीचं घेतलंत तर ते फसफसणारं निघू शकतं. मला वाटलं नासलं आहे, मी सगळं बेसिनात ओतलं.

"थंडी किती?" नोव्हेंबरात तुमच्या कर्जतच्या पौषापेक्षा जास्त. खिडकीखाली लोखंडी पन्हाळीसारखं काही असतं, त्यातून ऊब येते. ती सरकारनं ठरवलेल्या तारखेला सुरू होते. त्याआधी तुम्ही कुडकुडून मेलात तरी होत नाही. तुम्ही जाल तेव्हा सुरू असेल. तरी जादा पांघरूण मागून घ्या. नुसतं अंगावर ओढून दाखवलं की देतात.

"एकटी बाई रस्त्यानं हिंडली तर?" हिंडा. त्या गावाला सगळीकडे ओसरी आहे. रस्त्याच्या कडेनं घरंच्या घरं खांबांवर पुढे आली आहेत आणि त्यांच्याखालून माणसं चालतात, पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही. हॉटेलापासून पोरांच्या घरापर्यंत तुम्ही ओसरीतूनच जाल. मी त्या ओसरीत एका पायरीवर बसून रडले आहे, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, फार बरं वाटलं. कशासाठी रडले ते विचारू नका.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला आहे की मोनिकानं आपल्या मनानं घातला, माहीत नाही. "त्या का जाईनात मंग? गुडघ्याचं तर लिफ्टच्या हाटेलात भागलं हुतं की." गुडघ्याचं खरं आहे. पण तुम्ही बाईला उगाच भ्रमात ठेवणाऱ्यांतल्या नाही, तेव्हा मीही ठेवत नाही. मी यायचं विचारलं होतं. रुपालीनं आदिनाथच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही नका येऊ." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी गेले असते.

दिवाळी आली आहे. फराळ करायला उभी राहवत नाही. आमच्या ह्यांनी विकत आणू म्हटलं, मी हो म्हटलं. असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं.

दमयंती

कोपरगाव,
२७ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

मोनिकानं तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "त्यास्नीच ऐकव एकदाचं," असं तुम्ही सुरुवातीला म्हणता, म्हणजे तुमच्या परवानगीनंच पाठवला असणार. तीन वर्षांनी तुमचा आवाज ऐकला. बसले आणि चारदा ऐकला.

"म्या तिकीट रद्द कराया सांगितलंय. तिच्या घरी पानी प्यायचं न्हाई, तिच्या उशाला निजायचं न्हाई, मंग जाऊन करू काय? दिसभर पावन्यावानी खुर्चीत बसू आन् दिवस कलला की हाटेलात जाऊ? पोरगी अजूनच मरंल. त्यापरीस हितं रडलेली बरी. तुमाला वाटत आसंल म्हातारी आडमुठी हाय. माझी आई थोरल्या बहिनीच्या घरी जेवली हुती, मूल व्हायच्या आदी. बहिनीची कूस काय उजवली न्हाई. मी ते माझ्या लेकीवर आनू व्हय?"

पहिल्या पत्रात मी माझं मत सांगत नाही म्हटलं होतं. मत हेच होतं की तुम्ही आडमुठ्या आहात. आता तसं म्हणवत नाही. मी शाळेत तीस वर्षं अंधश्रद्धेवर भाषणं दिली. तुमच्या बहिणीचं आणि जेवणाचं काही नातं नाही हे मी तुम्हाला पटवून देऊ शकेन असं मला वाटत होतं, आणि त्यासाठी चार पानं लिहिलीही. मग फाडली. दोन वेळा पोटचं गेलेल्या पोरीच्या आईला मी भाषण काय देणार. उद्या तुम्ही तिथे घोटभर पाणी प्यालात आणि पुन्हा काही झालं, तर ते पाणी तुम्हाला जन्मभर पुरेल.

पण तिकीट रद्द करू नका. हे पत्र मी स्पीड पोस्टनं पाठवते आहे, पोचेपर्यंत मोनिकाला थांबायला सांगितलं आहे. माझं ऐकून घ्या, मग हवं ते करा.

गेल्या वर्षीची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. मी तिथे असताना रुपाली रोज दुपारी मला घ्यायला हॉटेलात यायची. एक दिवस मी साडी नेसत होते, ती पलंगावर टेकली आणि झोपली. चपला पायात तशाच. संध्याकाळ झाली तरी उठली नाही. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि खुर्चीत बसून राहिले. आदिनाथ म्हणतो, घरी ती अशी कधी झोपतच नाही, सारखी उठून काहीतरी आवरत असते. मी सासू, तरी माझ्या खोलीत ती झोपली. कारण तिथे आवरायला तिचं काही नव्हतं. मग काउंटरवरून फोन आला. रात्री राहणार असेल तर पाहुणीचा पासपोर्ट दाखवा, नाव लिहावं लागेल, खोली एकटीची आहे. मी तिला उठवलं. ओसरीतल्या पायरीवर मी रडले ते त्या दिवशी, तिला घरी सोडून येताना.

तुमचा आवाज ऐकताना मला हे आठवलं आणि डोक्यात उजेड पडला. लेकीच्या घरी आईनं राहायचं नाही, बरं. पण आईच्या घरी लेकीनं राहायचं नाही असं कुणी सांगितलं आहे? खोलीचं भाडं तुम्ही देणार, कुलूप तुमचं, नोंदीत नाव तुमचं. ते घर कुणाचं? आदिनाथचं नाही, रुपालीचं नाही. ते तिचं माहेर झालं. तिला कर्जतला येता येत नाही, तर कर्जतनं तिथे जावं.

तेव्हा एकटीची खोली नको, दोघींची घ्या. त्याच हॉटेलात वरच्या मजल्यावर थोड्या खोल्या आहेत, जास्त दिवस राहणाऱ्यांसाठी, त्यांत एका कोपऱ्यात विजेची शेगडी, दोन पातेली, ओटा असं असतं. मी आदिनाथला विचारायला लावलं, एक रिकामी आहे. लिफ्ट आहे, म्हणजे तिच्या पायालाही त्रास नाही, आणि डॉक्टरांनी तिला थोडं चालायला सांगितलंच आहे. ज्वारीचं पीठ, भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्या. शेगडी जपून वापरा, फोडणीचा धूर झाला तर ते यंत्र ओरडतं, आधी खिडकी उघडायची. पहिल्या दिवशीच रुपालीला पासपोर्ट घेऊन काउंटरवर यायला सांगा आणि दोघींची नोंद करून घ्या. मग कुणी तिला उठवणार नाही.

एक अडचण उरते, आणि तिचं नाव मी आहे. लेक माहेरी जाते ती सासरनं पाठवल्यावर. तीन वर्षांपूर्वी तुम्ही जीप घेऊन कोपरगावला आलात, पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात. मी तिला पाठवली नाही. तुम्ही दारातून परत गेलात, माझ्या घरचा चहासुद्धा न घेता, आणि आठ दिवसांत व्हायचं ते झालं. "मी न्यायला आल्ते, तुमी लेक दिली न्हाई," एवढंच तुम्ही म्हणालात. विहीणबाई, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून बजावलं होतं, आणि तो रस्ता काय होता ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हा चुकले असं मला आजही वाटत नाही, आणि चांगलं वाटावं म्हणून मी ते लिहिणार नाही. पण तुम्ही रित्या हातानं परत गेलात ते मी रोज बघते. आमच्या दारातून जीप वळवताना तुमचा ड्रायव्हर तीनदा मागे-पुढे झाला, आणि तेवढा वेळ तुम्ही समोर बघत बसला होतात.

तर या वेळी मी पाठवते आहे. आदिनाथला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आई, इथे कोण बघतंय?" मी म्हटलं, तुझी बायको बघते आहे. ओटी भरून पाठवायची आहे, पण मी इथे आणि तिथे दुसरी बाई नाही. तेव्हा तांदूळ आणि नारळ आदिनाथच घालेल. पुरुषानं ओटी भरायची नसते हे मला कळतं, तुम्हालाही कळतं. चालवून घ्या. मी फार थकले आहे, विहीणबाई, आणि मला याहून बरं काही सुचत नाही.

तुम्ही हो म्हणालात तर मला कळवूही नका. नुसत्या जा.

दमयंती

कोपरगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

हे पत्र टपालात घातलं तर तुम्ही परत आल्यावर तिथे पोचेल. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो आदिनाथला पाठवते आहे, तो छापून तुमच्या काउंटरवर ठेवील. तो वर येणार नाही. का ते खाली लिहिलं आहे.

तुम्ही गेल्याचं मला मोनिकानं सांगितलं, तेही दोन दिवसांनी. तुम्ही माझं ऐकलंत म्हणजे आपलं मिटलं असं मी धरत नाही. तुम्हीही धरू नका. कर्जतला परत आल्यावर फोन उचलायचा की नाही हे तुमच्यावर आहे.

आदिनाथ सांगत होता. तुम्ही विमानतळावरून थेट हॉटेलात गेलात, त्याच्या घराकडे पाहिलंही नाहीत, आणि त्याला म्हणालात, "जावईबापू, आता लेकीला घेऊन या." तो घरी गेला. तिला वाटलं तुम्ही खुर्चीत बसायला येणार आहात, म्हणून ती उठून घर आवरायला लागली होती. त्यानं तांदूळ काढले. नारळ हिरवा मिळाला, शेंडीचा नाही. पदर नव्हता, तिनं स्वेटर पुढे धरला. ओटी कशी भरतात हे त्याला नीट माहीत नव्हतं, निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. त्यानं विचारलं, "हे बरोबर आहे का?" तिनं मान हलवली आणि मग ती रडली. इतक्या आठवड्यांत ती त्याच्यासमोर पहिल्यांदा रडली. हे सांगताना तोही फोनवर रडत होता आणि आमचे हे पेपर तोंडापुढे धरून बसले होते.

काल तिचा फोन आला. मी उचलला. मागे पातेल्याचा आवाज येत होता. खरं तर मला सगळं माहीत होतं, तरी मी विचारलं, "कुठे आहेस गं?"

"माहेरी," ती म्हणाली.

मग म्हणाली, "भूक लागलीय, ठेवते," आणि फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिले. आमच्या ह्यांनी येऊन विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, रुपाली जेवते आहे.

आदिनाथनं काल विचारलं की तिला घरी आणायला कधी जाऊ, शनिवारी जाऊ का. मी त्याला सांगितलं आहे की माहेरी गेलेल्या बाईला नवऱ्यानं आपल्या मनानं न्यायला जायचं नसतं. तिनं बोलावलं की जायचं. तोवर त्यानं काउंटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. तुम्ही घाई करू नका, विहीणबाई. खोली सुटायची तारीख आली तर पुढे वाढवून घ्या, नुसतं बोट दाखवून सांगितलं तरी कळतं त्यांना. दोघींची म्हणून सांगा.

दमयंती